होडी खळ्यात, हब पोत्यात

आमच्या अप्पांनी पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी उजनीवर. माझं लहानपण भीमानगरच्या कॉलनीत गेलं. निवृत्तीनंतर माणसं चारधाम करतात, अप्पांनी होडी घ्यायचं काढलं. दोन वर्षं आम्ही घरात तो विषय टाळला. शेवटी जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावातली चौदा फुटी फायबरची होडी परस्पर ठरवूनच टाकली. होडी, छोटं इंजिन आणि होडी वाहायचा दोन चाकी ट्रेलर, सगळं मिळून एक लाख पस्तीस हजार. किंमत बरी होती. बरी का होती ते सांगोल्याच्या पुढं कळलं.

मी बँकेत नोकरी करते. पाना हातात धरला होता तो स्कूटीचा आरसा घट्ट करण्यापुरता. ट्रेलरचं बेअरिंग गेल्यावर माहिती शोधायला बसले, तर जी सापडली ती सगळी परदेशातली. तिकडं म्हणे दुकानात जाऊन बोट ट्रेलरचा संच मागितला की डबा हातात येतो. सोलापुरात असं मागितलं की दुकानदार आधी पंखा लावतो आणि पाणी देतो. म्हणून हे लिहून ठेवतेय.

७ फेब्रुवारीला पैसे दिले आणि कागद घेतले. ट्रेलरलाही वेगळं आरसी बुक असतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. मालकानं त्यांच्या आरटीओचं ना-हरकत पत्र आधीच काढून ठेवलं होतं. फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० वर त्यांच्या सह्या घेतल्या. विकत घेणाऱ्यानं तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि विमा नावावर करायला चौदा दिवस असतात. विमा मी त्याच रात्री मोबाइलवरून टाकला. आरटीओचं सोलापुरात गेल्यावर बघू म्हटलं. ९ मार्च ही तारीख डोक्यात कोरली गेली.

८ फेब्रुवारी, दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी. मामेभाऊ दादाच्या बोलेरोला ट्रेलर जोडून आम्ही पहाटे निघालो. निघण्यापूर्वी मी यादी करून सगळं तपासलं होतं: टायरची हवा, मागचे दिवे, साखळी, होडीचे पट्टे. हबचं, म्हणजे चाकाच्या मधल्या गड्ड्याचं, विचारलं तर मालक म्हणाले, "आत्ताच ग्रीस भरलंय." ते खोटं बोलत नव्हते. टोपीच्या कडेनं नवंकोरं ग्रीस बाहेर आलेलं दिसत होतं. मी समाधानानं मान डोलावली.

तेव्हा पाच मिनिटं घालवून एक गोष्ट करायला हवी होती. चाक जॅकवर उचलून हातानं फिरवायचं आणि कान द्यायचा. मग वरून-खालून धरून हलवायचं. घरघर आली किंवा चाक खुळखुळलं, तर गाडी जोडायचीच नाही. एवढंच.

आंबा घाट चढलो, कोल्हापुरात मिसळ खाल्ली, मिरज गेलं. सांगोल्यात चहाला थांबलो तेव्हा अप्पांनी सवयीनं ट्रेलरभोवती एक फेरी मारली आणि उजव्या हबला हात लावून झटक्यात काढून घेतला. डावा हब कोमट होता. दादा म्हणाला, "उजवीकडं ऊन आहे ना." दुपारचा एक वाजलेला, सूर्य डोक्यावर, आणि आम्ही तिघांनीही हे ऐकून घेतलं. अप्पा तर अभियंते. घरी जायची घाई असली की माणूस काय काय मान्य करतो!

मंगळवेढा दहा-बारा किलोमीटर राहिलं असताना मागून जात्यासारखा घरघराट सुरू झाला. मग जळका वास. मी आरशात पाहिलं तर उजवं चाक वरून आत कललेलं आणि त्यातून निळसर धूर. दादानं गाडी बाजूला घेतली. दोन्ही बाजूंना मालदांडी ज्वारी, कणसं भरलेली, आणि मध्ये आमची पांढरी होडी. तिच्यावर मालकाच्या मुलीचं नाव रंगवलेलं.

दहा मिनिटांत माणसं जमली. वस्तीवरचे एक मामा आले, धोतर, डोक्यावर टॉवेल. त्यांनी वाकून बघितलं आणि एका वाक्यात निदान केलं, "बेरिंग खाल्लंय की वं ह्यानं." मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? ते हसले. "ताई, हितं दर हंगामात पन्नास उसाच्या ट्रॉल्या अशा बसत्यात."

या वाक्याचं मोल मला आठवडाभरानं कळलं. होडीचा ट्रेलर म्हणजे आपल्याकडं न मिळणारी कसली तरी परदेशी चीज, असं धरून मी चालले होते. पण होडी बाजूला काढली तर उरतं ते गाडं: आडवा आस, दोन टोकांना हब, हबात दोन-दोन बेअरिंग. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात हे जाणणारी माणसं गावोगाव आहेत. होडीवाला शोधू नका, ट्रॉलीवाला शोधा.

क्रेनला फोन केला. हायड्रानं उचलून आयशरवर ठेवून सोलापूरला पोचवायचे नऊ ते अकरा हजार. अप्पांचा चेहरा पडला. तेवढ्यात मामाच म्हणाले, खळ्यात ऱ्हाऊ द्या, काढणीला अजून पंधरा-वीस दिवस हायत. मग चौघांनी उजवी बाजू उचलून धरली, खाली लाकडी फळी घसरगाडीसारखी सरकवली आणि ट्रॅक्टरनं हळूहळू ओढत होडी लिंबाखाली खळ्यात नेली. म्हणजे आता मुदती दोन झाल्या, आरटीओची ९ मार्च आणि ज्वारीची फेब्रुवारीअखेर. दुसरी जास्त कडक, कारण खळं नसेल तर मामांनी मळणी कुठं करायची?

दुसऱ्या दिवशी, ९ तारखेला, मामांच्या ओळखीचे एक ट्रॉली मिस्त्री आले. हंगाम जोरात, त्यांना श्वास घ्यायला वेळ नाही, तरी रविवारी तासभर दिला. मला तिथंच बसवून म्हणाले, "बघा, म्हंजी पुढच्या टायमाला तुमचं तुम्ही कराल."

चाक जमिनीवर असतानाच नट सैल करायचे, मग जॅक. पलीकडच्या चाकाला पुढून-मागून दगड. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालायचा नाही, दोन स्टँड हवेतच. मी नंतर १,७५० रुपयांना जोडी घेतली आणि ते पैसे अजिबात बोचले नाहीत. चाक निघाल्यावर हबच्या तोंडावरची टोपी हातोडीनं कडेकडेनं ठोकून काढली. आत खाचांचा नट आणि त्यातून आरपार गेलेली स्प्लिट पिन असते. आमची पिन अर्धी झिजलेली होती. नट काढला, वॉशर काढला, आणि बाहेरच्या बेअरिंगचे रोलर भाजक्या हरभऱ्यासारखे तळहातावर सांडले. काळेनिळे. त्यांना धरून ठेवणारी जाळी होतीच कुठं, तिचा भुगा ग्रीसमध्ये मिसळला होता.

हब ओढून काढल्यावर खरी गोष्ट दिसली. वरचं ग्रीस ताजं, पिवळं. त्याच्या आत जुनं ग्रीस, पांढरट, घुसळलेल्या ताकासारखं. आणि त्याच्याही आत गंज. मिस्त्री म्हणाले, "पानी गेलंय. आन नुसतं आजचं न्हाय, लय दिसाचं."

हे कसं होतं ते मी नंतर नीट समजून घेतलं. ट्रेलर रस्त्यानं येतो तेव्हा हब तापलेला असतो, आतली हवा फुगलेली असते. तसाच तो पाण्यात उतरवला की हब एकदम गार होतो, हवा आकसते आणि मागच्या सीलच्या, म्हणजे पाणी अडवणाऱ्या कडीच्या, ओठातून पाणी आत ओढून घेते. दर खेपेला थोडं थोडं. खाडीचं पाणी खारं. मग होडी सहा-आठ महिने उभी राहते, रोलर जिथं टेकलेले असतात तिथं गंजाच्या रेघा उमटतात. वरून पंपानं ग्रीस भरलं तर ते त्या पाण्याला बाहेर काढत नाही, पुष्कळदा आत कोंडून ठेवतं. रस्त्यावर आल्यावर त्या रेघांवरून रोलर खडखडत फिरतात, पत्रा सोलावा तसा पृष्ठभाग सोलला जातो, उष्णता वाढते, ग्रीस वितळून वाहून जातं. सांगोल्यात अप्पांच्या हाताला लागलं ते हेच.

मिस्त्रींकडं ट्रॉलीची बेअरिंग होती, पण ती कितीतरी मोठी. "नंबर काढून आना, माप घिऊन आना. बेरिंगला कंपनी-बिंपनी न्हाय लागत, नंबर लागतो." आतल्या बाजूच्या बेअरिंगची कडी तापून स्पिंडलवर, म्हणजे हब ज्यावर फिरतो त्या आसाच्या टोकावर, चिकटून बसली होती, ती हलेना. ग्राइंडर लागणार होता. तो पुढच्या रविवारी आणतो म्हणाले. हब आणि सगळे तुकडे आम्ही युरियाच्या रिकाम्या पोत्यात भरून घरी आणले. आईनं पोतं बाथरूमबाहेर ठेवू दिलं नाही, गच्चीवर गेलं.

निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचे दोन भाग असतात. एक बाहेरची कडी, ती हबमध्ये ठोकून बसवलेली, तिला बाजारात कप म्हणतात. दुसरा आतला भाग, कडी, रोलर आणि जाळी मिळून, तो कोन. दोघांवर वेगवेगळे नंबर कोरलेले असतात. हब रॉकेलनं धुवायचा विचार होता, पण रॉकेल आता मिळतं कुठं! डिझेलनं धुतला. कपवर नंबर स्वच्छ वाचता आला, एल ४४६१०. कोनवरचा जळून काळा पडलेला, भिंग लावून एल ४४६४ पर्यंत दिसला, शेवटचा आकडा गेलेला.

१० ते १२ फेब्रुवारी जेवणाच्या सुट्टीत दुकानं पालथी घातली. सोलापुरात यंत्रमागांमुळं बेअरिंगची दुकानं भरपूर, पण बहुतेकांकडं मागाला लागणारी गोल गोळ्यांची. तिसऱ्या दुकानात काउंटरवरच्या वयस्कर गृहस्थांनी विचारलं, "काय शोधूलालाव ताई?" मी रुमालात बांधलेला कप पुढं केला. त्यांनी चष्मा वर केला, नंबर वाचला आणि वहीतून लगेच जोडी सांगितली, "४४६४३. आहे माझ्याकडं." दोन संच घेतले, नगाला ४३० रुपये. मला फार शहाणं झाल्यासारखं वाटलं.

१६ तारखेला परत खळ्यात. मिस्त्रींनी चिकटलेल्या कडीवर ग्राइंडरनं तिरपी खाच घेतली, स्पिंडलला डिस्क लागणार नाही एवढी खोल, मग खाचेत छन्नी ठेवून एकच घाव. कडी तडकून सुटली. आवाज असा आला की मामांची म्हैस उठून उभी राहिली. खालचा स्पिंडल देवाच्या कृपेनं फारसा खाल्लेला नव्हता. बारीक पॉलिश पेपर पट्टीसारखा गुंडाळून तो चमकवला. नवं बेअरिंग चढवायला घेतलं आणि ते स्पिंडलच्या तोंडावरच अडलं. तेल लावून बघितलं, पुसून बघितलं. दादा म्हणाला, ठोकू का? मिस्त्री ओरडले, "हातानं सरकलं पायजे ते! ठोकायचं न्हाय!"

व्हर्नियर लावला. स्पिंडल २६.९५ मिलिमीटर. बेअरिंगचं भोक २५.४.

मग मिस्त्रींनी विचारलं, दुसरं चाक उघडलं होतं का? नव्हतं. ते चांगलं आहे म्हणून आम्ही हातच लावला नव्हता. दहा मिनिटांत डावं चाक उघडलं, आतलं बेअरिंग पुसलं, आणि त्यावर ठळक अक्षरांत होतं, एल ४४६४९. म्हणजे ४४६४३ चं भोक एक इंचाचं, ४४६४९ चं एक पूर्णांक एक सोळांश इंचाचं, आणि दोघांनाही कप एकच चालतो, ४४६१०. नुसता कप दाखवून बेअरिंग मागितलं तर दुकानदाराचा अंदाज चुकू शकतो आणि त्यात त्याचा दोष नाही. चांगलं चाक आधी उघडायचं आणि स्पिंडलचं माप लिहून न्यायचं, हे माझ्या १३० किलोमीटरच्या फुकट हेलपाट्याचं सार. आमच्या ट्रेलरला आतलं आणि बाहेरचं बेअरिंग एकाच नंबरचं निघालं. सगळीकडं तसं नसतं, पुष्कळ ठिकाणी आतलं मोठं असतं.

डाव्या हबातही ग्रीसचं ताक झालेलं होतंच. तोही पोत्यात. त्या रात्री घरी येताना मी गाडीत कुणाशी बोलले नाही. अप्पा मागच्या सीटवरून हळूच म्हणाले, "विकून टाकू या का?" मी नाही म्हटलं. खरं सांगायचं तर तोवर माझाही हट्ट पेटला होता.

१७ तारखेला त्याच दुकानात. काका स्वतःच खजील झाले. "कप राहू द्या तेच, आतले बदलून देतो," म्हणाले. पण ४९ त्यांच्याकडं नव्हती, पुण्याहून मागवायची. त्यापेक्षा सीलनं जास्त छळलं. सीलही इंची मापाचं, आतून ३१.७५ आणि बाहेरून साधारण ५०.४ मिलिमीटर. सहज मिळतं ते ३२ बाय ५०. एका दुकानात मला "चालतंय की, काय होतंय" म्हणून देऊ केलं. बसवून पाहिलं तर हबमध्ये बोटानं सरकत होतं. पाण्यात जाणाऱ्या चाकाला असं सील म्हणजे दार उघडं ठेवून कुलूप लावणं. नको म्हटलं. मुंबईहून मागवलं, नगाला १९०.

बेअरिंग २१ ला आली, सील २२ ला सकाळी. मधल्या शिवजयंतीच्या सुट्टीत मी ग्रीसवर वाचत बसले. आपल्याकडं गॅरेजमध्ये सर्रास एपी-३ वापरतात, ते रस्त्याच्या गाडीला उत्तम. वारंवार पाण्यात बुडणाऱ्या हबाला पाण्यात न फुटणारं, कॅल्शियम सल्फोनेटचं ग्रीस जास्त टिकतं. अर्धा किलोचा डबा ३९० ला मिळाला, निळा रंग. दोन वेगळ्या जातींची ग्रीस एकमेकांत मिसळायची नाहीत, काही जाती एकत्र आल्या की पातळ होऊन वाहतात. जुनं सगळं पुसून, डिझेलनं धुऊन, हब कोरडा करूनच नवं.

२२ फेब्रुवारी, चौथा शनिवार. दोन्ही हब घेऊन अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका लेथवाल्याकडं गेले. हबात कप ठोकून बसवता येतो, पण माझा हातोड्यावर विश्वास नव्हता. त्याच्याकडं प्रेस होती. त्यानं आधी जुने कप काढले आणि आतून बोट फिरवून बघितलं, कारण कप हबात फिरला असेल तर भोक मोठं होतं आणि हबच भंगारात जातो. आमचे बचावले. जुनाच कप नव्या कपावर उलटा ठेवून त्यानं नवे दाबून बसवले. घरी ठोकणार असाल तर आवाजाकडं लक्ष द्या, कप तळाला टेकला की पोकळ आवाज जाऊन भरीव टणटण येतो. चारशे रुपये घेतले. टोप्या त्याच्याकडंच करून घेतल्या, घट्ट बसणाऱ्या, दोन्हींचे सहाशे. तो घरी तेलुगू बोलणारा, मजुरांशी कन्नड आणि माझ्याशी मराठी. होडीचं कळल्यावर तिन्ही भाषांत हसला.

२३ तारखेचा रविवार जोडणीचा. बेअरिंगमध्ये ग्रीस वरून चोपडायचं नसतं. तळहातावर लिंबाएवढा गोळा घ्यायचा आणि बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत दाबत ओढायची, ग्रीस रोलरमधून आरपार येऊन दुसऱ्या कडेला शेवेसारखं बाहेर पडेपर्यंत. थोडं फिरवून पुन्हा. मला हे काम फार आवडलं, पुरणाचा गोळा भरल्यासारखं. चारही बेअरिंग मीच भरली. आधी आतलं बेअरिंग हबात, मग सील. स्पिंडलवर जिथं जुन्या सीलचा ओठ फिरायचा तिथं बारीक चर पडली होती. मिस्त्रींनी सील पूर्ण आत न ठोकता दोन-तीन मिलिमीटर अलीकडं ठेवलं, म्हणजे ओठ नव्या, गुळगुळीत जागेवर फिरेल. हे त्यांना कुणी शिकवलं विचारलं तर म्हणाले, "नुकसानीनं."

मग नट. दादानं पान्यावर पाइप घालून ताकद लावली आणि अभिमानानं बघितलं. चाक फिरेना. मिस्त्रींनी पाइप काढून बाजूला फेकला. निमुळतं बेअरिंग आवळून ठेवायचं नसतं. हब हातानं फिरवत फिरवत नट आवळायचा, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. मग नट पूर्ण सैल सोडायचा. मग नुसत्या बोटांनी जेवढा जाईल तेवढाच. खाच आणि पिनचं भोक जुळत नसेल तर पुढं न आवळता किंचित मागं घ्यायचा. चाकाला वरून-खालून धरून हलवल्यावर अगदी जाणवेल न जाणवेल एवढी ढिलाई राहते आणि ती राहायलाच हवी. फार आवळलं तर तीस किलोमीटरमध्ये पुन्हा धूर. स्प्लिट पिन नवीच घालायची, जुनी सरळ करून नाही.

हे चालू असताना अप्पा आणि मामा लिंबाखाली बसून उन्हाळी पाळी कधी सुटणार यावर भांडत होते. अप्पा निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण मामांच्या लेखी पाटबंधारे खातं म्हणजे अप्पाच. तालुक्याच्या दक्षिणेच्या गावांना पाणी का पोचत नाही याचा जाब मामांनी तीन रविवार अप्पांकडून घेतला. जागेचं भाडं मात्र घेतलं नाही. मी काकूंच्या हातात पाकीट द्यायला गेले तर त्यांनी उलट हुरड्याची पिशवी माझ्या हातात दिली.

त्याच दिवशी आरटीओसाठी चॅसिस नंबरचा पेन्सिल ठसा काढला. नंबर ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर रंगाच्या चार थरांखाली होता. पॉलिश पेपरनं हलकेच घासला, वर कागद धरला आणि मामांच्या नातीच्या पेन्सिलीनं घासून उमटवला. दोन-तीन प्रती काढून ठेवा. माझी पहिली पुसट म्हणून परत आली.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र. शाबुदाण्याची खिचडी खाऊन आम्ही होडी आणायला गेलो. सोबत बँकेच्या कपाटात कोविडपासून पडलेली कपाळावर धरायची तापमानाची बंदूक होती. ती ताप मोजायला केलेली, त्रेचाळीसच्या वर गेलं की आकडा न दाखवता नुसतं 'हाय' म्हणते, पण मला तेवढंच हवं होतं. वेग चाळीसच्या आत. पाच किलोमीटरवर थांबलो, दोन्ही हबांना हात लावला. वीसवर थांबलो, चाकांचे नट पुन्हा आवळले. बेगमपूरच्या पुलाअलीकडं बंदूक धरली: डावा ३८, उजवा ३९. दोन्हींत फरक नाही ना, हे बघायचं. ऊन सगळीकडं सारखंच पडतं, हे दादाला मी तिथं ऐकवलं. कामतीत उसाचा रस, तिऱ्ह्यात पुन्हा हात. पासष्ट किलोमीटरला अडीच तास लागले. घराच्या दारात ट्रेलर उभा राहिला तेव्हा अप्पांनी हबवर तळहात ठेवला तो बराच वेळ तसाच ठेवला.

आरटीओत ३ मार्चला कागद दिले: फॉर्म २९ आणि ३०, ना-हरकत पत्र, मूळ आरसी, विमा, पत्त्याचा पुरावा, पॅन, ठसा. ऑनलाइन अर्ज आणि फी आधीच भरली होती. ट्रेलर तपासणीला आणा असं सांगितलं गेलं आणि मला मनातल्या मनात हसू आलं, कारण आता तो नेता येत होता. नवं आरसी २७ मार्चला पोस्टानं आलं.

खर्च विचारणाऱ्यांसाठी: चार बेअरिंग १,७२०, दोन सील ३८०, ग्रीस ३९०, लेथ आणि टोप्या १,०००, पिना आणि डिस्क ११०, मिस्त्री १,५००. ते पाच हजार शंभर. स्टँड १,७५०. डिझेल साधारण चार हजार, त्यातलं हजाराचं माझ्या चुकीच्या नंबराचं.

उजनीत होडी घालायच्या परवानगीची फाइल अजून फिरते आहे. ते प्रकरण वेगळंच आहे, त्यावर संपल्यावर लिहीन. पण सील धरतंय का हे मला उन्हाळ्याआधी बघायचं होतं. पाणी मागं हटलं की काठाला नुसता चिखल उरतो. २०२४ च्या उन्हाळ्यात धरणाचा उपयुक्त साठा उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेला होता, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. म्हणून पाडव्याला, ३० मार्चला, दादाच्या गावी बॅकवॉटरवर गेलो. होडी घरीच ठेवली आणि नुसता ट्रेलर नेला. काठावर पोचल्यावर अर्धा तास थांबून हब गार होऊ दिले, मग ट्रेलर मागं मागं घेत चाकं बुडेपर्यंत पाण्यात उतरवला. दहा मिनिटं ठेवला, बाहेर काढला. पुन्हा एकदा. काठावर म्हशी धुणारी पोरं बघत होती. त्यातल्या एकानं दुसऱ्याला विचारलं, "हे नुसतं गाडं कशाला आंघोळ घालूलालेत बे?"

६ एप्रिलला घरासमोर उजव्या हबची टोपी काढली. अप्पा टॉर्च धरून शेजारी बसले होते. ग्रीस निळं होतं, भरलं तसंच. मी करंगळीनं थोडं काढून त्यांना दाखवलं. त्यांनी ते दोन बोटांत चोळलं, वास घेतला आणि म्हणाले, "डावं पण उघड."